गाजुल नावाचे कार्ड

१९३० च्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच्या आठव्या दिवशी, गिरणीच्या दुसऱ्या भोंग्यानंतर, आमच्या गल्लीतून गाजुल नरसय्या या विणकराला शिपायांनी धरून नेले. त्या वेळी तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला होता. धरायला आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात एक कार्ड होते. त्या कार्डावरचे अक्षर माझे होते. मी पंधरा वर्षांची होते.

माझे वडील, आबा, मूळचे जेऊरचे. तिथल्या स्टेशनात तारेचे काम करत. पहिल्या महायुद्धात लष्करी रेल्वेबरोबर ते बसऱ्याला गेले आणि लढाई संपल्यावर परत आले नाहीत. त्यांचे इंग्रजी अक्षर बघून एका साहेबाने त्यांना बगदादला आपल्या कचेरीत घेतले. आमच्या घरात मात्र त्या सगळ्या मुलखाला बसराच म्हणत. आईचे जेऊरला सासरी पटले नाही, म्हणून ती मला घेऊन सोलापुरात विणकरांच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिली. मी वाढले ती शेजारच्या बालम्माच्या ओट्यावर. बालम्मा ही नरसय्यांची बायको. त्यांना मूल नव्हते. तिच्या घरात दिवसभर मागाचा आवाज, सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आणि चुलीवर चिंचेचे सार. ती माझ्याशी तेलुगूत बोले आणि मी मराठीत उत्तर देई. पुढे मीही तेलुगूत उत्तर देऊ लागले, ते केव्हापासून हे आम्हा दोघींनाही सांगता आले नसते. नरसय्यांना मी मामा म्हणे. त्यांची पाठ वाकलेली होती. खड्ड्यातून उठताना ते आधी एक हात भिंतीला लावत, मग दुसरा गुडघ्यावर, आणि मधे थांबून माझ्याकडे बघत म्हणत, "यमे, वर ओढ की गं, मामा म्हातारा झालाय." मी ओढल्यासारखे करी.

आबा कायमचे परत आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, वाळून काळी पडलेली लिंबे आणि काचेचे दोन इवलेसे पेले आले. त्या पेल्यातून ते बिनदुधाचा चहा पीत, त्यात ते काळे लिंबू चुरडून टाकत. आई भाकरी थापता थापता ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "धा वर्सं तितं ऱ्हाऊन आणलं काय, तर सुकी लिंबं. हितं गड्ड्याच्या जत्रंत पण मिळाली असती." आबा हसत नसत आणि रागावतही नसत. कोण काय बोलले हे ते नीट ऐकून घेत. घरात कोण आले, किती वेळ बसले, काय घेऊन गेले हे संध्याकाळी विचारत. आईने एकदा सांगितले, "बालम्मा आली हुती, वाटीभर शेंगाची चटणी न्यायला." त्यांनी विचारले, "आधी कदी आली हुती?" आई म्हणाली, "अवो, ती रोज येती. माणूस हाय ते, आगगाडी न्हाय वेळ लिवून ठिवायला."

बगदादमधल्या कचेरीची माहिती मला त्यांच्याच तोंडून मिळाली. पुढे वर्तमानपत्रात काम करताना त्या देशाविषयी जे छापील हाती आले, त्याच्याशी ती मी ताडून पाहिली. मोठ्या गोष्टींत आबा खोटे बोलले नव्हते. युद्धात तुर्क हटले आणि इंग्रज बसले. त्या मुलखात मोजणी नव्हती, नकाशे अपुरे होते. म्हणून आधी माणसांची नोंद सुरू झाली. प्रत्येक विभागात एक गोरा अधिकारी, त्याच्या हाताखाली दुभाषे, त्यांच्या हाताखाली खबरे. खबऱ्यांत न्हावी होते, कहवाखान्यांचे मालक होते, पोस्टातले टपाल वाफेवर उघडणारे होते. कोणता शेख कोणाचा जावई, कोणाचे कोणाशी पाण्यावरून भांडण, कोणाला कशाची भीती, हे सगळे बगदादला येई आणि एका माणसाचे एक कार्ड होई. कार्डे लिहायला हिंदुस्थानी कारकून ठेवले होते. आबा सांगत की त्याचे कारण साहेबाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. ह्यांना अरबी येत नाही. ज्याला कळत नाही तो विकत नाही. हे वाक्य आबांनी आयुष्यभर प्रशस्तिपत्रासारखे जपले.

पुढे तिथे राजा आणला गेला, मंत्री नेमले गेले, करार झाला. कचेरी तीच राहिली. कार्डांच्या दोन प्रती निघू लागल्या, एक नव्या सरकारला, एक साहेबाला. एक नवा मंत्री कचेरी पाहायला आला तो थेट कपाटापाशी गेला आणि त्याने स्वतःचे कार्ड मागितले. आबांनी काढून दिले. त्याने उभ्यानेच शेवटपर्यंत वाचले, आजोबांचे नाव चुकले होते ते खिशातल्या पेनने दुरुस्त केले, कार्ड परत दिले आणि मग आपल्या दोन सहकाऱ्यांची कार्डे मागितली. ही गोष्ट आबा आवडीने सांगत. दुसरी गोष्ट ते जेवताना सांगत. एका शेखाने सारा दिला नाही, म्हणून विमाने पाठवायचे ठरले. त्या नावाचे शेख नदीच्या दोन्ही तीरांवर होते आणि कार्ड एकच झाले होते. "पयल्या दिवशी विमानं अलीकडच्या गावावर गेली," आबा म्हणत, "दुसऱ्या दिवशी पलीकडच्या. मग आमी कार्ड दुरुस्त केलं." आईने विचारले, "आन् अलीकडची माणसं?" आबा म्हणाले, "ती आमच्या खात्यात न्हवती." आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मी तिथेच बसून जेवत होते आणि मला ती गोष्ट तेव्हा चांगली वाटली होती, हे इथे नोंदवायला हवे.

तिथल्या सरकारने आपली माणसे तयार केल्यावर हिंदुस्थानी कारकुनांना घरी पाठवण्यात आले. आबांना सोलापुरातल्या एका गिरणीने ठेवून घेतले. कागदोपत्री ते हजेरीचे कारकून होते. काम दुसरेच होते. संपांनी जेरीस आलेल्या मॅनेजरला कोण बोलतो, कोण ऐकतो, कोण बैठका भरवतो हे हवे होते. खात्याखात्यातले जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, मोडक्या मराठीत चिठ्ठ्या लिहून देत. आबांनी त्या चिठ्ठ्यांची बगदादच्या पद्धतीने कार्डे करायला घेतली. गिरणीतल्या दुसऱ्या कारकुनांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून चिठ्ठ्या घरी येत. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ लागला आणि त्यांनी मला समोर बसवले. मी इंग्रजी चौथीत होते. आईने माळशिरसचे एक स्थळ बघून ठेवले होते, ऊसवाले घर होते, बोलणी अर्ध्यावर आली होती. आबा आईला म्हणाले, "तिचं अक्षर माज्या कामाचं हाय. ती मॅट्रिक हुईस्तवर हितंच ऱ्हाईल." अशा रीतीने मी शाळेत राहिले.

पद्धत सोपी होती. अरबांत आडनाव नसते. माणसाचे नाव आधी, मग बापाचे, मग आजाचे. पहिला शब्द तो माणूस. त्या शब्दावर कार्ड लावायचे. मराठीतही पहिला शब्द माणसाचा, दुसरा बापाचा, म्हणून आबांना इथे काही बदलावे असे वाटले नाही. पण आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांत घराण्याचे नाव आधी येते आणि माणसाचे मागून. गाजुल हे घराणे. त्या घराण्यातले म्हणवणारे लोक शहरभर होते आणि त्यांतल्या पुष्कळांचे एकमेकांशी जाणेयेणेही नव्हते. हे मला माहीत होते. बालम्माच्या ओट्यावर वाढलेल्या कोणत्याही पोरीला माहीत असते. आबा दहा वर्षे परदेशात आणि त्याआधी जेऊरला होते. त्यांना माहीत नव्हते.

एका जॉबरची चिठ्ठी आली की गाजुल राजय्या याने गिरणीच्या फाटकासमोर भाषण केले. दुसऱ्याची आली की गाजुल लिंगय्या शिंदीच्या दुकानासमोर दगड मारताना दिसला. तिसऱ्याने लिहिले की गाजुल नरसय्या याने मिरवणुकीला पाणी पाजले. ही तिसरी चिठ्ठी खरी होती. मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली होती, मामांनी ओट्यावर माठ ठेवला होता आणि बालम्मा तांब्याने पाणी देत होती. मीही दोन तांबे दिले होते. तिन्ही गोष्टी एकाच दिवशीच्या होत्या.

आबांनी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या आणि बराच वेळ पाहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. तसा मी तो त्याआधी पाहिला नव्हता.

"यमे, बघ. एक गाजुल आन् तीन बाप. एकाला सांगतोय बाप राजय्या, एकाला लिंगय्या, एकाला नरसय्या. असली माणसं मी बगदादला लई बगितली. नाव बदलत न्हाईत, बाप बदलत्यात."

मी म्हणाले, "आबा, गाजुल हे घराचं नाव असतंय. ही तीन माणसं आहेत."

"कोण म्हनलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. बालम्माला विचारा."

"बालम्माला इचारू? कार्ड मी करतोय का ती?" त्यांनी आवाज चढवला नाही. "तुला लिवायला बसवलंय, वाचायला न्हाय. कळायला लागलं की कारकून बिघडतो. बिघडला की घरी. माळशिरसवाले अजून थांबल्यात, तुज्या आईला इचार."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "थांबल्यात की. श्रावणापतुर."

मी लिहिले. नाव, गाजुल. बापाचे नाव म्हणून नरसय्या वर आले, कारण आबांच्या हाती तीच चिठ्ठी आधी लागली होती; बाकीची दोन नावे खोटी म्हणून खाली. वर्णनाच्या रकान्यात आबांनी सांगितले, "लिव, अतिशय चपळ. एका दिवसात तीन ठिकाणी." पत्त्याचा रकाना मोकळा होता. ते म्हणाले, "ह्या गाजुलचं घर कुटं? ह्या पेठेत कुणी गाजुल हाय का?"

मी म्हणाले, "पलीकडं."

"पलीकडं म्हंजी?"

"बालम्माचं घर."

त्यांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटले नाही. "पानी पाजतो व्हय," ते म्हणाले. मी घराचा नंबर लिहिला. आजवर मला पुष्कळांनी विचारले आहे की पंधरा वर्षांच्या मुलीला परिणामाची काय कल्पना. कल्पना होती. कार्डावर पत्ता असला की शिपाई येतात, एवढे मला बगदादच्या गोष्टींतून नीट समजलेले होते. मला वाटले होते ते इतकेच की मामांना बघितल्यावर ते परत जातील.

त्यानंतर शहरात जे झाले ते इतरांनी लिहिले आहे. गोळीबार झाला, लष्कर आले, पांढरी टोपी घालणेसुद्धा गुन्हा ठरले. गिरणीने आपली कार्डे लष्कराला दिली. आठव्या दिवशी शिपाई आमच्या गल्लीत आले. मी आमच्या दारात होते. अधिकाऱ्याने कार्ड बघितले, खड्ड्यात बसलेल्या माणसाकडे बघितले आणि बरोबरच्या दुभाष्याला काही सांगितले. दुभाष्याने विचारले, "गाजुल तूच का?"

मामा म्हणाले, "व्हय, मीच की."

ते उठले. नेहमीप्रमाणे एक हात भिंतीला लावला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि मधे थांबले. शिपायाला ती टाळाटाळ वाटली. त्याने बंदुकीच्या दस्त्याने पाठीत मारले. मामा मागावर पडले आणि ताण्याचे धागे तुटले. बालम्मा माणसाकडे धावण्याऐवजी आधी धागे धरायला धावली. तो कुणाच्या तरी लग्नाचा शालू होता. मग तिच्या लक्षात आले आणि तिने हात सोडले. त्यांना दंडाला धरून नेले तेव्हा ते एकदाच वळून म्हणाले, "खळ वाळंल, झाकून ठेव."

खटला एका दिवसात झाला. आबांना साक्षीला बोलावले होते. कार्ड कसे तयार होते हे त्यांनी कोर्टाला इंग्रजीत समजावून सांगितले आणि संध्याकाळी घरी तेच आम्हाला मराठीत सांगितले. कोर्टातल्या साहेबाने त्यांना विचारले, ही पद्धत कुठली? ते म्हणाले, बगदादची. साहेब म्हणाला, मी तिथे होतो. आबांनी हे दोनदा सांगितले. आरोपीला पुन्हा विचारण्यात आले की गाजुल तूच का, आणि तो पुन्हा व्हय म्हणाला. तो कबुलीजबाब धरला गेला. पाठीचे काय, असे आईने विचारले. आबा म्हणाले, "वाकून हुबा ऱ्हायला. ढोंगी. चपळ मानसाला समदं जमतं." सात वर्षे सक्तमजुरी झाली. बालम्माला कोर्टात जाऊ दिले नव्हते. ती दिवसभर आमच्या ओट्यावर बसून होती, कारण आबा कोर्टातूनच घरी येणार होते. ते आले तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आण्णा, तुमी व्हता न्हवं तितं? तुमी सांगितलं की न्हाय, हा पानी पाजणारा हाय म्हणून?"

आबा म्हणाले, "सांगितलं."

ते खरे होते. कार्डात ते लिहिलेले होते.

आबांना गिरणीत कायम करण्यात आले. माळशिरसच्या लोकांना नकार कळवला गेला. लष्करी कायदा उठल्यावर दीड महिन्याने एका जॉबरची चिठ्ठी आली. गाजुलने काल फाटकासमोर पुन्हा भाषण केले. आबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. पेल्यातला चहा निवत होता. मी समोर बसून होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिले नाही. शेवटी त्यांनी कोरे कार्ड माझ्यापुढे सरकवले.

"गाजुल लिव," ते म्हणाले. "वर कोपऱ्यात दोनचा आकडा टाक."

"आणि पहिलं?"

"पयलं बंद हाय."

त्या आकड्याबद्दल त्यांनी मॅनेजरला सांगितले नाही आणि कोर्टाला कळवले नाही. घरातही तो विषय पुन्हा निघाला नाही. फक्त आईने त्या दिवसापासून बालम्माला चटणीची वाटी स्वतः द्यायचे सोडले. ती माझ्या हातून पाठवी.

पुढच्या हिवाळ्यात तुरुंगातून एक कागद आला. इंग्रजीत होता. गल्लीत इंग्रजी वाचणारी मी आणि आबा, आणि आबा गिरणीत होते. बालम्मा कागद घेऊन आली. कपाळावर मोठे कुंकू, हाताला खळ लागलेली. माग आता तीच चालवत होती. "वाच बिड्डा," ती म्हणाली, "सुटायची तारीक लिवली आसंल." बिड्डा म्हणजे लेकरू.

छापील नमुन्यात शाईने भरलेले होते. कैद्याचे नाव, गाजुल. बापाचे नाव, नरसय्या. हगवणीने मृत्यू. प्रेताची विल्हेवाट तुरुंगातच लावली आहे. मी ते तिला तेलुगूत वाचून दाखवले, जसे लिहिले होते तसे. नरसय्याचा मुलगा गाजुल वारला.

बालम्माने कागद माझ्या हातून घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "नरसय्याचा मुलगा? आमाला मुलगा कुटं हाय, यमे? तुला ठावं न्हाय व्हय?" तिला एकदम हसू आले, भीती उतरल्यावर येते तसे. "माजं काळीज कसं धडधडालतं बघ. दुसऱ्या कुणाचा तरी हाय हा. ज्याचा हाय त्याच्या घरी दिऊन ये. त्याची आई वाट बघत बसली आसंल बिचारी."

मी कागद घेतला. मी तिला सांगितले नाही. त्या वेळी माझ्या तोंडाशी जे शब्द आले होते ते मला आजही आठवतात, तेलुगूतले होते. ती ओट्यावरून उतरून गेली आणि थोड्या वेळाने माग सुरू झाला.

मी मॅट्रिक झाले, पुढे शिकायला पुण्याला गेले आणि तिथून मुंबईला एका वर्तमानपत्रात भाषांतरकार म्हणून लागले. सात वर्षे पुरी झाली तेव्हा बालम्मा तीन दिवस स्टेशनवर जाऊन बसली होती, असे आईने पत्रात कळवले. नंतर तिने ठरवले की नवरा सुटून लाजेने हैदराबादकडे आपल्या माणसांत गेला असेल. आबा त्याच्या पुढल्या वर्षी वारले. पेटीतली घरची कार्डे आईने चुलीत घातली. त्यांत पहिले कार्ड नव्हते. ते कोर्टाच्या कागदांत गेले होते.

वर्तमानपत्राचे नाव छापलेल्या कागदावर मी तुरुंगाला एक पत्र लिहिले आणि त्या नावाचे आणखी कोणी कैदी तिथे होते का, असे विचारले. पाच आठवड्यांनी उत्तर आले. नोंदवही तपासली आहे. त्या वर्षी गाजुल नावाचा एकच कैदी होता. वय अंदाजे पंचावन्न, पाठीस बाक, धंदा विणकर. बापाचे नाव नरसय्या.

उत्तर आले तेव्हा बालम्मा हयात होती. मी त्यानंतर दोनदा सोलापूरला गेले आणि दोन्ही वेळा तिच्या घरी जेवले. ती चार वर्षांनी वारली. गल्लीतल्या बायकांनी तिला सवाष्ण म्हणून हिरवे लुगडे नेसवले, हातात चुडा भरला आणि कपाळभर कुंकू लावून नेले.